सन ५७ ची फटफटी

घरात फोटो लावू नयेत, असे आमच्या दादी म्हणत. पाथरीच्या आमच्या जुन्या घरात म्हणूनच कधी कुणाचा फोटो लागला नाही. सूट होती ती फक्त एकाला. दालानात, घड्याळाच्या खाली, काळ्या लाकडी चौकटीत एक फोटो टांगलेला असे. दोन्ही इदींच्या आदल्या दिवशी फुफी तो खाली उतरवीत, ओल्या फडक्याने काच पुसत आणि पुन्हा खिळ्याला अडकवीत. हा फोटो बडे अब्बांचा, म्हणजे आमच्या दादांच्या थोरल्या भावाचा. "ज्याची कबर नाही त्याचा निदान फोटो तरी असावा," असे फुफी म्हणत. त्यावर दादींनीही कधी हरकत घेतली नाही.

फोटोत पंचविशी-तिशीचा एक सडपातळ माणूस उभा आहे. अंगात खाकी सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शेजारी एक मोठी मोटारसायकल, जिला आमच्याकडची म्हातारी माणसे आजही फटफटी म्हणतात. माणसाचा एक हात हँडलवर आहे. हँडलला झेंडूची माळ बांधलेली आहे. मागे पांढरी भिंत आणि अर्धवट उघडा दरवाजा. फोटो काळा-पांढरा, खालच्या कोपऱ्याला वाळवीने खाल्लेला. टाकीवरचे नाव उन्हाच्या चकाकीत पुसले गेले आहे. नंबराची पाटी सावलीत आहे.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की ही बडे अब्बांची 'अंग्रेजी फटफटी'. एक चाचा खात्रीने सांगत की ती बीएसए. का, तर बीएसएच्या टाकीवर तीन बंदुका असतात आणि बडे अब्बा खाकी कपड्यात आहेत. या युक्तिवादात काय दम आहे, हे आम्ही कधी तपासले नाही. घरातली गोष्ट कोण तपासतो?

बडे अब्बांबद्दल आमच्या घराला ठाऊक असलेल्या गोष्टी एका पोस्टकार्डावर मावतील. ते निजाम सरकारच्या करोडगिरीत, म्हणजे जकात खात्यात, नोकरीला होते. परभणी जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द तेव्हा वऱ्हाडला लागून होती. तिथल्या एका नाक्यावर त्यांची नेमणूक होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरचे करोडगिरी नाके हे आंदोलकांचे नेहमीचे लक्ष्य होते, हे इतिहासाच्या वाचकांना माहीत आहे. दुसरीकडे कासिम रझवींच्या रझाकारांनी गावोगाव जो धुमाकूळ घातला तोही कुणी विसरलेले नाही. त्या जुलुमाविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत हत्या झाली. ते मुसलमानच होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आज आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो. शाळेत झेंडावंदन होते आणि आम्ही मुलांपुढे भाषणही करतो.

त्याच आठवड्यात बडे अब्बा नाक्यावरून घराकडे यायला निघाले आणि पोचले नाहीत.

कुणी म्हणे वाटेत मारले गेले, कुणी म्हणे विहिरीत सापडले, कुणी म्हणे कराचीला गेले. ज्यांच्या घरातली माणसे त्या दिवसांत परतली नाहीत, त्या प्रत्येक घरात असे दोन-तीन 'कुणी म्हणे' असतातच. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या पथकाने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ हजार ते ४० हजार माणसे प्राणाला मुकली, असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल लोकांच्या नजरेस यायला २०१३ साल उजाडावे लागले. त्यात आकडे आहेत, जिल्ह्यांची नावे आहेत. माणसांचे चेहरे नाहीत. चेहरे घरच्यांनीच सांभाळायचे होते. आमच्या घराने या एका फोटोत तो सांभाळला, अशी आमची समजूत होती.

या समजुतीला आणखी एक आधार होता. फोटोच्या पाठीवर शाईने उर्दूत 'सन ५७' लिहिलेले आहे. बी.एड.ला असताना आम्ही पहिल्यांदा चौकटीचे खिळे काढून ही पाठ पाहिली आणि मोठ्या दिमाखात घरच्यांना सांगितले, "हा फसली सन आहे. १३५७ फसली."

तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सनात चालत. फसली वर्षाची सुरुवात ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्यापासून होई. फसली आकड्यात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो. १३५७ मध्ये ५९० मिळवा, उत्तर येते १९४७. म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. बडे अब्बांच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष! आमचे हे गणित ऐकून फुफींनी चौकट छातीशी धरली होती. त्या दिवसापासून घरात आमचा मान वाढला. पोराला जुनी उर्दू वाचता येते, फसली कळते, असे पाहुण्यांना सांगितले जाऊ लागले.

खोटे कशाला बोला, आम्हालाही त्याचा गर्व होता. मराठवाड्यात उर्दू शिक्षकाला ही एक जादा कामगिरी असते. जुनी खरेदीखते, वारसाच्या नोंदी, इनामाचे कागद घेऊन शेतकरी शाळेच्या दारात येतात आणि म्हणतात, "सर, एवढं वाचून द्या." २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी धुंडाळल्या गेल्या, तेव्हा तर उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एका आकड्यावर एका घराचा हक्क कसा अवलंबून असतो, हे आम्ही तेव्हा जवळून पाहिले. दुसऱ्यांचे आकडे आम्ही चार-चारदा तपासले. आपल्या घरचा आकडा मात्र एकदाच पाहिला होता.

चूक उघडी पडली ती वर्गात. इतिहासाची साधने हा धडा होता. भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन प्रकारची साधने असतात, हे नुसते सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आम्ही घरचा फोटोच वर्गात नेला. फोटो हे भौतिक साधन, पाठीवरचा आकडा हे लिखित साधन आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलेली हकिगत हे मौखिक साधन. एकाच चौकटीत तिन्ही साधने! मुलांनी फोटो हातोहात फिरवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी इतिहासाच्या तासाला झोपलेला असतो, तो एकदम म्हणाला, "सर, ये तो बुलेट है."

आम्ही शिक्षकी आवाजात सांगितले, "नाही. ही निजामाच्या काळातली बीएसए आहे."

"फिर इसको आँखें कैसे हैं?"

वर्ग हसला. आम्हीही हसण्यावारी नेले. पण संध्याकाळी घरी आल्यावर भिंग घेऊन बसलो. हेडलाइटच्या मोठ्या काचेच्या वर, दोन्ही बाजूंना, खरोखरच दोन बारीक दिवे होते. मांजराच्या डोळ्यांसारखे. इतकी वर्षे आम्ही त्या फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांत पाहत आलो होतो. गाडीच्या डोळ्यांकडे कुणाचे लक्षच गेले नव्हते.

त्या मुलाचे वडील फटफटी दुरुस्तीचे काम करतात. झेरॉक्सवाल्याकडून फोटो मोठा करून घेऊन आम्ही त्यांच्या दुकानी गेलो. मिस्त्रींनी हात पुसले, कागद उजेडात धरला आणि एकेक भाग बोटाने दाखवायला सुरुवात केली. त्यांनी जे सांगितले ते आम्ही पुढे जुन्या कॅटलॉगांतली चित्रे समोर ठेवून पडताळले. तो सगळा तपास इथे क्रमाने देतो. ज्यांच्या घरी असा एखादा फोटो असेल त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, फोटो उलटा छापलेला नाही ना, हे पाहावे. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली तर डावे उजवे होते आणि सगळा तपास फसतो. आमच्या फोटोतल्या सदऱ्याचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला आहे. म्हणजे फोटो सुलटा. गाडीची उजवी बाजू आपल्यासमोर आहे आणि गियरचा पायटा त्याच बाजूला दिसतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचा गियर उजव्या पायाशीच असे आणि ब्रेक डाव्या. तेव्हा गाडी ब्रिटिश घडणीची, इथवर घरची हकिगत खरी ठरली.

दुसरी गोष्ट, पुढचा चिमटा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना पुढे लोखंडी पट्ट्यांचा जुडगा आणि त्यात अडकवलेली एक मोठी स्प्रिंग असे. त्याला गर्डर म्हणत. युद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाहून अधिक बनलेल्या बीएसए एम-२० या गाडीला असाच चिमटा होता. आमच्या फोटोत पुढे दोन गुळगुळीत नळ्या आहेत, एकात एक सरकणाऱ्या. हा टेलिस्कोपिक चिमटा. मात्र एवढ्यावरून निकाल देता येत नाही. मॅचलेस कंपनीने सैन्याच्या गाडीला असा चिमटा १९४१ पासूनच दिला होता. १९४८ च्या आधीही अशी गाडी परभणी भागात येणे अशक्य नव्हते. आम्ही या एका धाग्याला धरून राहिलो. मन कसे असते पाहा. आम्ही गाडी ओळखायला गेलो होतो, पण शोधत होतो ती पळवाट.

तिसरी गोष्ट, तेलाची टाकी. बीएसएच्या त्या गाड्यांना इंजिनच्या तेलासाठी सीटखाली उजव्या बाजूला वेगळी टाकी असते. आमच्या फोटोत उजवी बाजू स्वच्छ दिसते, पण अशी तेलाची टाकी कुठेच नाही. मिस्त्री म्हणाले, "बुलेट का तेल पेट में रहता है." रॉयल एनफिल्डच्या इंजिनात तेलाचा कप्पा इंजिनच्या खालच्या पेटीतच केलेला असतो, बाहेर टाकी नसते. चाचांची बीएसए इथेच निकालात निघाली. त्या तीन बंदुका आमच्या गाडीवर कधी नव्हत्याच.

योगायोग असा की दोन्ही कंपन्यांच्या नावात शस्त्रे आहेत. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदुका बनवण्यासाठी निघालेली कंपनी. एनफिल्ड हे नावही तिथल्या सरकारी बंदूक कारखान्याच्या गावावरून आले आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे त्या गाडीचे ब्रीद होते. पण कंपनीचे मूळ काम त्याहून नाजूक. इंग्लंडमधले रेडिच हे गाव एके काळी शिवणाच्या सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होते आणि या कंपनीची मुळे तिथल्याच एका सुयांच्या कारखान्यात आहेत. सुयांवरून सायकली आणि सायकलींवरून १९०१ मध्ये मोटारसायकली असा तिचा प्रवास झाला.

चौथी गोष्ट, मागचे चाक. जुन्या गाड्यांचे मागचे चाक सांगाड्यात ताठ बसवलेले असे. हादरे सोसायला फक्त सीटखालच्या स्प्रिंगा. आमच्या फोटोत मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उभे शॉकअप आहेत आणि चाक वरखाली होणाऱ्या दांड्यात बसवलेले आहे. बुलेट हे नाव रेडिचवाल्यांनी १९३२ पासून वापरले होते. पण अशी मागची व्यवस्था असलेली नवी ३५० सीसी बुलेट त्यांनी १९४८ मध्ये स्पर्धांत उतरवली आणि विक्रीला आणली ती १९४९ च्या हंगामात. इथे आमच्या पायाखालची जमीन सरकली. सप्टेंबर १९४८ मध्ये जो माणूस नाहीसा झाला, तो १९४९ मध्ये बाजारात आलेल्या गाडीवर हात ठेवून कसा उभा राहील?

पाचवी आणि शेवटची गोष्ट, ते डोळे. चिमट्याचे वरचे टोक, हेडलाइट, वेग दाखवणारा काटा आणि दोन बारीक पायलट दिवे हे सगळे एकाच ओतीव ॲल्युमिनियमच्या टोपात बसवण्याची कल्पना रॉयल एनफिल्डने १९५४ च्या मॉडेलांपासून अमलात आणली. पुढे मद्रासला बनणाऱ्या बुलेटवर हे दोन डोळे इतकी वर्षे टिकले की आमच्या वर्गातल्या पोरालाही ते ओळखीचे वाटले. त्याला सन-सनावळी येत नव्हती. डोळे ओळखता येत होते.

म्हणजे फोटो १९५४ च्या आधीचा असूच शकत नाही. आता पाठीवरचा आकडा पुन्हा वाचा. सन ५७. फसली नव्हे, इसवी. १९५७.

साल कळल्यावर बाकीचे तुकडेही जागेवर बसतात. १९५० च्या दशकात भारतीय सैन्याने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून मद्रासला एनफिल्ड इंडियाचा कारखाना काढला. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून येत आणि जुळणी मद्रासला होई. हळूहळू सगळे भाग इथेच बनू लागले. तेव्हा आमच्या फोटोतली फटफटी जन्माने रेडिचची, जुळणीने कदाचित मद्रासची. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. बीएसएही १९७० च्या दशकात बुडाली. मद्रासची बुलेट मात्र धावत राहिली. इंग्लंडने जन्म दिलेली गाडी हिंदुस्थानने जगवली, असे म्हटले तर चूक होणार नाही. आणि १९५७ मध्ये आमचा मुलूखही दुसऱ्याच नकाशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची फाळणी होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला होता. निजाम नव्हता, करोडगिरी नव्हती आणि बडे अब्बाही नव्हते.

मग फोटोत कोण?

उत्तर घरातच होते. दोघे भाऊ एकमेकांसारखे दिसत, हे सगळे सांगतात. आमचे दादा पाथरीहून परभणीकडे जाताना लागणाऱ्या मानवतच्या एका जिनिंगवर ट्रक चालवीत. ड्रायव्हरचा पोशाख खाकीच. फोटो दादांचा होता. ते असेपर्यंत तो संदुकीत जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पडून राहिला. त्यांच्या इंतकालनंतर कपडे काढताना तो सापडला. कुणी तरी म्हणाले, खाकी आहे, हे बडे अब्बाच असणार. खात्री करण्यासाठी फोटो बडी अम्मांच्या हातात देण्यात आला. बडे अब्बांच्या त्या बेवा आयुष्यभर आमच्याच घरी राहिल्या. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, काही वेळ त्यावर बोटे फिरवली आणि म्हणाल्या, "हौ, उनोच हैं."

बायकोने नवऱ्याला ओळखले, यापेक्षा मोठा पुरावा तो कोणता? पण बडी अम्मांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. हे घरात प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांना ताटातली भाजी ओळखू येत नसे, वासावरून विचारीत. तरीही त्या दिवशी हे कुणाच्या ध्यानात आले नाही. किंवा आले असेल आणि कुणी बोलले नसेल. तीस-बत्तीस वर्षे वाट पाहिलेल्या बाईच्या हातात शेवटी काही तरी आले होते. ते कोण काढून घेणार?

वर्गात आम्ही ज्याला तीन साधने म्हटले होते, त्यांतली दोन अशी निकामी झाली. मौखिक साधन मोतीबिंदूने आणि लिखित साधन आमच्या फसली ज्ञानाने. अज्ञानी माणसाने ५७ चा अर्थ सरळ १९५७ केला असता. आम्हाला फसली येत होते म्हणून आम्ही चुकलो. खरे म्हणजे आम्हाला उत्तर आधीच हवे होते आणि आकडा त्यात बसला.

इथे आम्हाला आमच्याच गावाचा एक जुना दाखला आठवतो. अहमदनगरची निजामशाही ज्याच्या मुलाने स्थापन केली तो मलिक हसन मूळचा ब्राह्मण घराण्यातला आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. या वडिलोपार्जित गावासाठी बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. चारशे वर्षांपूर्वी कुणी तरी लिहून ठेवले म्हणून पाथरीच्या एका कुलकर्ण्याचा वंश आज शाळेतल्या पोरालाही सांगता येतो. आणि त्याच पाथरीतून अवघ्या पाऊणशे वर्षांपूर्वी नोकरीवर गेलेल्या करोडगिरीच्या एका जवानाचा चेहरा त्याच्या सख्ख्या पुतणीला सांगता येत नाही. सुलतानांची दफ्तरे असतात. आमच्यासारख्यांच्या घरात भीतीने कागद जाळले गेले, खाकी कपडे विहिरीत टाकले गेले आणि नावे हळू आवाजात घेतली गेली. रिकामी राहिलेली जागा मग मिळेल त्या फोटोने भरली गेली. आमच्या घरी ती एका बुलेटने भरली.

हे सगळे समजल्यावर दोन महिने आम्ही घरी काही बोललो नाही. फुफींचे वय आता सत्तरीच्या पुढे. बडे अब्बांचा चेहरा त्यांच्याकडून काढून घ्यायचा म्हणजे त्यांचा दुसऱ्यांदा दफनविधी करायचा, तोही पहिला झालेला नसताना. अब्बांना विचारले, तर ते म्हणाले, "रहने दो. कुणाचं काय बिघडतंय?" शिक्षक म्हणून आमचे बिघडत होते. वर्गात त्या पोराला आम्ही चूक ठरवले होते. त्याची माफी मागायची तर घरी खरे सांगणे भाग होते.

शेवटी ईदच्या आदल्या दिवशी, फुफी काच पुसत असताना, आम्ही शेजारी बसलो आणि सांगितले. चिमटा, तेल, शॉकअप यांतले त्यांना काही कळले नसावे. त्या गाडीकडे पाहत राहिल्या. मग विचारले, "ये हार काहे का है?"

हँडलच्या झेंडूच्या माळेचा विचार आम्हीही केला नव्हता. घरात त्या माळेला बडे अब्बांच्या लग्नाची माळ म्हणत.

फुफीच पुढे म्हणाल्या, "दसऱ्याची आहे. शेठनं नवी फटफटी घेतली होती. दसऱ्याला जिनिंगवर पूजा व्हायची. अब्बा आम्हाला घेऊन गेले होते. मला पेढा दिला आणि आपट्याची पानं दिली. मी ती पानं खाल्ली म्हणून सगळे हसले." बोलता बोलता त्यांनी चौकट तोंडाजवळ नेली. भिंतीवरचा फोटो त्यांनी इतक्या वर्षांत शेकडो वेळा पुसला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्या आपल्या वडिलांकडे पाहत होत्या. दादांचा तरुणपणीचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही. फुफींना वडील आठवतात ते म्हातारे, खोकणारे, खाटेवरचे.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "और बडे अब्बा?"

या प्रश्नाला आमच्याकडे फोटो नव्हता. जे होते ते आम्ही एका कोऱ्या कागदावर लिहिले. वर उर्दूत, खाली मराठीत. नाव, वडिलांचे नाव, गाव पाथरी, नोकरी करोडगिरी, सप्टेंबर १९४८ मध्ये घराकडे निघाले, पोचले नाहीत. बेवेचे नाव. आणि शेवटी, त्यांची एकही तसबीर या घरात नाही. हा कागद त्याच मापाच्या दुसऱ्या चौकटीत बसवून आम्ही दादांच्या फोटोशेजारी टांगला. फोटोच्या पाठीवर 'सन ५७' च्या खाली दादांचे नाव आणि 'इसवी १९५७' असे लिहिले. फुफी आता दोन्ही चौकटी पुसतात. कागदाची जरा जास्त वेळ पुसतात, असे आम्हाला वाटते.

त्या मुलाची माफी आम्ही वर्गात सगळ्यांसमोर मागितली. मग मुलांना घरचा अभ्यास दिला. घरातला एक जुना फोटो शोधा, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि फोटोत कोण, कुठे, कधी हे विचारून पाठीमागे पेन्सिलीने लिहा. शाईने नको, शाई पुढे फुटते. साल लिहाल तर पुरे लिहा. नुसते ५७ लिहू नका. आणि फोटोत माणसाशेजारी गाडी, सायकल, शिवणयंत्र, घड्याळ, रेडिओ असे जे काही असेल ते नीट पाहा. माणसाबद्दल आपण आपल्याला हवे ते बोलतो. यंत्राला आपली माया नसते, त्यामुळे त्याची साक्ष एकदा जरूर घ्यावी.

वर्गातल्या ४१ मुलांपैकी १७ मुले फोटो घेऊन आली. बाकीच्यांनी सांगितले, घरात जुना फोटोच नाही. त्यांना आम्ही कोरा कागद दिला.